अक्काला गाईड कशाला

गाईड घ्यायचा की नाही यावरून आमच्या घरात जेवढी वादावादी झाली, तेवढी माझ्या लग्नात मानपानावरूनही झाली नसेल. गोष्ट साधी होती. माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, चित्रं बघायची होती.

इथे कानडी मुलखात, शिवाजीनगरात, आमच्या वडिलांचं मॅचिंगचं दुकान होतं. बायका साड्या घेऊन यायच्या आणि अक्का त्यावर जाणारा ब्लाउजपीस काढून द्यायची. वडिलांच्या मागे तिनेच दुकान चालवलं. ट्यूबलाइटवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. कापड पसंत पडलं तरी ती म्हणायची, "दारात आण," आणि दारातल्या उजेडात साडीला लावून बघितल्याशिवाय कात्री लावायची नाही. दुकानाच्या वाटेवर बसमधून चित्रांचं म्युझियम दिसायचं. पण दुकानाला सुट्टी सोमवारी, आणि म्युझियमही मेलं सोमवारीच बंद. सगळं आयुष्य असंच गेलं. आता दुकान नाही, अक्का माझ्याकडे जे. पी. नगरला राहते, सगळे वार मोकळे आहेत आणि नेमके आता तिचे डोळे चाललेत.

डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. मधलं जातं, कडेचं राहतं. समोर बघितलं की माणसाच्या तोंडाच्या जागी डाग दिसतो, म्हणून ती मान वाकडी करून कोपऱ्यातून बघते. डॉक्टर म्हणाले, जे बघायचं ते आताच बघून घ्या. बाहेर आल्यावर अक्का म्हणाली, "मग चित्रं बघूया." जशी काही भाजी आणायला जाऊया म्हणत होती.

माझा मुलगा सर्जापूर रोडला राहतो. त्याला हे सांगितलं, तर त्याने फोनवर लगेच कसली तरी लिंक पाठवली. प्रायव्हेट गाईड. एक मुलगी फक्त तुम्हा दोघींबरोबर फिरेल, एकेका चित्रासमोर थांबून सगळं समजावून सांगेल, पैसे मी भरतो.

माझं डोकंच फिरलं. "अक्काला रंग सांगायला भाड्याचं माणूस? अरे, बायका नुसतं तोंडाने साडीचं वर्णन करायच्या आणि ही बरोबर पीस काढून ठेवायची."

"तेव्हा तिला दिसत होतं, आई."

ते खरं होतं, म्हणूनच झोंबलं. आमच्या घरात "दिसत नाही" असं कोणी म्हणतच नव्हतं. उजेड कमी आहे म्हणायचो, चष्मा पुसायला हवा म्हणायचो. अक्का पाण्याचा पेला शोधत चाचपडली तर मी "मीच भलतीकडे ठेवला" म्हणायचे.

"आणि तू काय सांगणार तिला?" तो म्हणाला. "तुला दोन चित्रं झाली की चहा लागतो. छान आहे म्हणशील आणि पुढे सरकशील. एवढ्या वर्षांनी ती एकदाच जाणार आहे. सहा महिन्यांनी तिला काय दिसेल कोण जाणे. ही खेप वाया गेली तर परत नाही मिळायची."

मग मी चडफडत त्या मुलीला फोन लावला. मुलगी चांगली होती, ते नाकारत नाही. कन्नडमध्ये अगदी आदबीने बोलली. अक्काच्या डोळ्यांचं कळल्यावर विचारलं, त्यांना मुळीच दिसत नाही की स्वल्प, थोडंसं, दिसतं, म्हणजे मला त्याप्रमाणे तयारी करता येईल. यात काही चूक नव्हतं. पण ते असं सरळ आजवर कोणी विचारलं नव्हतं. "स्वल्प दिसतं. सरी, बरं, कळवते," म्हणून मी फोन ठेवला.

मागे दारात अक्का उभी होती. "कोणाला स्वल्प दिसतं?"

मग सांगावंच लागलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गाईड नको. मी बघायला चाललेय, ऐकायला नाही. ऐकायचं असतं तर रेडिओ लावला असता. कडेने दिसतंय ना, मग कडेने बघेन. कोणाला बघवत नसेल तर त्याने तिकडे तोंड करावं."

झालं. मी तिच्या बाजूने उभी राहिले. मुलाला सांगितलं की गाईडबिईड काही नको, आम्ही आमच्या जाऊ. "आणि तिथे मधेच काही दिसेनासं झालं तर?" त्याने विचारलं. "तर मी आहे," म्हटलं.

गेलो. पहिल्याच दालनात अक्का एका मोठ्या चित्रासमोर आडवी उभी राहिली, चित्राकडे खांदा करून, हनुवटी वर. कॉलेजची दोन पोरं बघून हसली. मी त्यांच्याकडे असं बघितलं की ती पुढच्या दालनात गेली. चित्रात आरशासमोर एक बाई होती. अक्काने बराच वेळ डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला न्याहाळलं.

"साडी राणी रंगाची. आणि ब्लाउज पोपटी," ती म्हणाली. "कोणी दिला हिला हा पीस?"

अगदी बरोबर होतं. माझी छाती फुगली. तिथल्या तिथे मुलाला फोन करून ऐकवावंसं वाटलं. पुढची तीन-चार चित्रंही अशीच झाली, चांगली दाराएवढी मोठाली. अक्का कडेने बघायची, नावं ठेवायची, पुढे व्हायची.

मग आतलं दालन आलं. तिथे उजेड मंद, पिवळा, आणि चित्रं वहीच्या पानाएवढी. अक्का एका चित्रापाशी गेली. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. चष्मा काढला, घातला. इतकी जवळ गेली की रखवालदार म्हणाला, "अम्मा, स्वल्प हिंदे." ती एक पाऊल मागे आली, आणि मला म्हणाली, "दारात आण."

"अक्का, चित्र आहे गं. भिंतीला लावलंय."

तिने चष्मा काढून हातात घेतला. मग गिऱ्हाईकाला या रंगाचा पीस संपलाय म्हणून सांगावं तसं म्हणाली, "मग मला दिसत नाही."

पहिल्यांदाच म्हणाली. मला वाटलं, हरलो आपण. पोरगा बरोबर म्हणत होता, ती मुलगी आता इथे हवी होती. माझा हट्ट, माझी मिजास, आणि अक्काची एकुलती एक खेप गेली. अक्काने माझं कोपर घट्ट धरलं.

"तू बघ. आणि छान आहे म्हणून उरकलंस तर याद राख."

मी बघायला लागले. "दोघी बायका आहेत. तळ्याकाठी. एकीची साडी निळी."

"निळी म्हणजे कुठली निळी?"

"आता कसं सांगू?"

"आपल्या घरातली सांग."

मी पुन्हा बघितलं, यावेळी नीट. "आईची इरकल. तुझ्या मॅट्रिकच्या वेळी घेतलेली. नवी होती तशी नव्हे, धुऊन धुऊन उडाली होती ना, तशी."

"चिंतामणी निळा," अक्का म्हणाली. तिने डोळे मिटून घेतले होते. "उडालेला चिंतामणी. हां, दिसली. दुसरी?"

"दुसरीची तुझ्या त्या साडीसारखी, जी मी न विचारता नेसले आणि तू आठवडाभर माझ्याशी बोलली नाहीस."

"डाळिंबी. आणि आठवडा नाही, जास्त."

तेवढ्यात माझा फोन वाजला. मुलगाच होता. मी काही बोलायच्या आत अक्काने हात पुढे केला, फोन कानाला लावला आणि म्हणाली, "गाईड घेतलाय रे. नाही, ती मुलगी नाही, घरचाच आहे. बरं सांगतो. मधेच चहा मागेल, पण मी सोडणार नाही." फोन माझ्या हातात कोंबून ती पुन्हा चित्राकडे वळली, यावेळी सरळ, अगदी समोरासमोर. "हं. डाळिंबीचा पदर कसा आहे?"

मी पदरापासून सुरुवात केली. चहा आम्ही म्युझियम बंद झाल्यावर प्यायलो.