तिसरी पिन

माझ्या आईच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलेलं आहे. ती बोटं सरळ होत नाहीत. त्याचं उट्टं मी चार वर्षांनी काढलं आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून मोठ्या मनाची अपेक्षा करायला नको.

आम्ही बदलापूरला, शिरगावात राहायचो. दोन हजार तीन साली आखातात नोकरीला असलेल्या मामाने आईसाठी इस्त्री आणली. जड, चकचकीत, आणि तिला तिकडचा प्लग. मुठीएवढा, तीन चौकोनी पिनांचा. आमच्या भिंतीतल्या गोल भोकांत तो शिरणं शक्यच नव्हतं. म्हणून मी उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये जाऊन एक अॅडाप्टर आणला. पुढून कुठल्याही देशाचा प्लग घालायचा, मागे आपल्या तीन गोल पिना. 'पूरी दुनिया का चलेगा,' दुकानदार म्हणाला. माल त्याचाच, दुकानामागच्या वर्कशॉपमध्ये बनायचा.

चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे पांढऱ्या साड्यांना खळ देतात. साडी पुरती वाळू द्यायची नाही, ओलसर असतानाच इस्त्री फिरवायची, तरच ती कडक बसते. आई इतकी वर्षं तसंच करत आली होती. त्या दिवशी नव्या इस्त्रीवर तिने तेच केलं, अनवाणी, फरशीवर उभी राहून. मी भांडी लावत होते. ओरडण्याचा आवाज आलाच नाही. वळून पाहिलं तर आई इस्त्री धरून नुसती थरथरत होती आणि तिला ती सोडता येत नव्हती. मी धावत जाऊन बटण बंद केलं. तोवर हात भाजून गेला होता.

इस्त्रीची वायर आत घासून पत्र्याला टेकली होती, हे नंतर कळलं. दोन दिवसांनी मी अॅडाप्टर घेऊन दुकानात गेले. गल्ल्यावर बसल्या बसल्या त्याने तो हातात उलटसुलट केला.

"ए लडकी, मम्मी के हाथ गीले होंगे. माल में खोट नहीं है."

समोरची दोन गिऱ्हाइकं हसली. माझ्या अंगाची लाही लाही झाली, पण अॅडाप्टर परत घेऊन मी तशीच बाहेर पडले, कारण हात खरंच ओले होते. घरी येऊन मी हे आईला सांगितलं, ती माझी सगळ्यात मोठी चूक. "बरोबर बोलला तो," आई म्हणाली. "माझंच चुकलं." त्यानंतर कुणीही बोटांबद्दल विचारलं की ती हेच सांगायची. भाकरी थापताना ती दोन बोटं पिठात रुतायची, भाकरीला दोन खड्डे पडायचे, आणि ती म्हणायची, "ओल्या हाताने गेले ना मी मरायला."

मी वरवंट्याने तो अॅडाप्टर फोडला. तिसरी पिन, अर्थिंगची, गळलेली वीज जमिनीत नेणारी, आत कशालाच जोडलेली नव्हती. वरून तीन, आतून दोन. आईला दाखवलं तर म्हणाली, "तुला काय कळतं त्यातलं?"

कळत नव्हतं, हे खरंच होतं. मग मी ते कळेल अशी नोकरी शोधली. अंबरनाथला आनंदनगरमध्ये परदेशी पाठवायच्या वायरी आणि प्लग बनवणारी एक कंपनी होती. तिथे टेस्टिंगला लागले. टेस्टिंगच्या खोलीत एका फळीवर जगभरचे प्लग लावलेले होते. बाकीच्या मुली ते पुसायला कंटाळायच्या. मी आवडीने पुसायचे आणि प्रत्येकाकडे एकाच नजरेने बघायचे: हा आईच्या उपयोगी पडला असता का?

अमेरिकेच्या दोन चपट्या पात्या. जरा हिसका बसला की भिंतीतून अर्धवट सुटून लोंबणार, आणि मधल्या उघड्या पितळेला बोट लागणार. एवढा श्रीमंत देश आणि प्लग असा चिंधी. ऑस्ट्रेलियाचा तिरप्या डोळ्यांचा, कायम रुसलेला. इटलीच्या तिन्ही पिना एका ओळीत. डेन्मार्कचं सॉकेट तर चक्क हसरं दिसतं. ते मला पहिल्या दिवसापासून आवडलं नाही, माझ्या घरी हसण्यासारखं काही चाललेलं नव्हतं. जर्मनीत तिसरी पिनच नाही, त्याऐवजी दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या. ब्रिटनचा सगळ्यात अवजड, मामाच्या इस्त्रीला होता तोच. जमिनीवर पिना वर करून पडतो आणि पाय पडला की ब्रह्मांड आठवतं. पण त्याच्या पोटात स्वतःचा फ्यूज असतो, आणि त्याची तिसरी पिन सगळ्यात लांब. ती आधी शिरते, आतली झडप उघडते, मगच बाकीच्या दोघींना वाट मिळते. आपलीही वरची पिन लांब आणि जाड असते, ती त्याचसाठी. आकारावरून सगळ्या जगाचं भांडण, पण अर्थिंग आधी टेकलं पाहिजे यावर बहुतेकांचं एकमत. आणि कॅम्प चारच्या एका माणसाने वायरच्या वीतभर तुकड्यासाठी ते मोडीत काढलं होतं. फळी पुसताना मी दातओठ खायचे.

चौथ्या वर्षी तो आपल्या पायाने आला. आमच्या कंपनीला अॅडाप्टर बाहेरून बनवून घ्यायचे होते, आणि ते काम त्याला हवं होतं. त्याने मला ओळखलं नाही. मी त्याला चेहरा न हलवता सांगितलं, सोमवारी सॅम्पल घेऊन या. रविवारी माळ्यावरून आईची इस्त्री काढली. ती मी कुणाला टाकू दिली नव्हती.

सोमवारी आमचे साहेब समोर बसलेले. मी त्याचं सॅम्पल मीटरला लावलं. अर्थिंग नाही. दुसरं लावलं, नाही. तिसरंही नाही.

"मॅडम, मीटर में कुछ होगा," तो म्हणाला. "माल में खोट नहीं है."

तेच शब्द. मी इस्त्री टेबलावर ठेवली, तिचा प्लग त्याच्या अॅडाप्टरमध्ये घातला आणि अॅडाप्टर बोर्डात.

"इस इस्त्री का वायर अंदर पत्रे को लगा है, सेठ. अर्थिंग बराबर होगा तो प्लग का फ्यूज उडेगा, आप को कुछ नहीं होगा. हाथ लगाओ."

त्याने खुर्ची जरा मागे सरकवली.

"मेरी मम्मी के हाथ गीले थे," मी म्हणाले. "कॅम्प चार में, आप ही बोले थे. आप के तो सूखे हैं ना? लगाओ हाथ."

आता त्याने मला ओळखलं. त्याने हात पँटच्या खिशात घातला. साहेबांनी तिन्ही सॅम्पल उचलून त्याच्या पिशवीत टाकली. बोर्डाचं बटण बंद होतं, हे फक्त मला माहीत होतं. ते दाबायचा मोह झाला नाही, असं खोटं मी लिहिणार नाही.

संध्याकाळी घरी आले तेव्हा आई भाकऱ्या थापत होती. मी सगळं सांगितलं. मीटर, पिन, फ्यूज. ओल्या हातांनी काही झालं नव्हतं, पिन जोडलेली असती तर ती आज धडधाकट असती. तिने तव्यावरची भाकरी उलटायची राहू दिली.

"त्याचे हात कोरडे होते?"

"ठणठणीत कोरडे."

"तरी लावला नाही?"

"खिशात घातला."

"कुठला?"

"उजवा."

आईने पिठाने भरलेला स्वतःचा उजवा हात वर धरून पाहिला. "बरं झालं," ती म्हणाली. "डावा घातला असता तर माझं समाधान झालं नसतं."

भाकरी करपली ती करपलीच. दुसऱ्या दिवशी शेजारीण विरजण मागायला आली. तिने बोटांचा विषयही काढला नव्हता, तरी आईने तिला दारातच थांबवलं, हात पुढे केला आणि म्हणाली, "हे माझ्यामुळे नाही झालं."