दगडाबाईचे मुक्काम

शिरवळच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं वेल्डिंग केलं. निवृत्त होऊन आटपाडीला आलो आणि शेजारच्या सिद्धूच्या जुन्या टेम्पोचं फिरतं घर करून दिलं. झोपायला तीन बाक, एक ओटा, पाण्याची दोनशे लिटरची टाकी. सतरा दिवस लागले. एकही सांधा पुन्हा करावा लागला नाही.

सिद्धूला राजस्थानच्या वाळवंटात जायचं होतं. त्याचा जन्म मेंढरांमागं गेला. दर दिवाळीनंतर मेढ्याचा डोंगर ओलांडून कोकणात, पावसाआधी परत. गुडघे गेले तेव्हा कळप विकला. "वाळूत मेंढरं खात्यात तरी काय, त्ये बघायचं हाय," एवढंच तो सांगायचा. मुलगा विश्वजित ट्रक चालवतो, तोच गाडीवर. निघायचं दिवाळीनंतरच, दुसरी वेळ सिद्धूला सुचलीच नाही. पण बायको दगडाबाईशिवाय तो हलणार नव्हता.

माझ्या अंगणात नकाशा पसरला. सिद्धूनं आधी पाणी शोधलं.

"हितनं म्होरं तळं न्हाई. टाकी हितंच भरायची."

"आबा, आन् डिझेल?" विश्वजितनं विचारलं.

"मेंढरं डिझेल पीत न्हाईत."

"आवं, मेंढरं हायतच कुठं?"

दगडाबाई वाकळ शिवत बसली होती. वर न बघता म्हणाली, "पयला मुक्काम कुठं?"

"जागा बघून सांगतो की."

तिनं सुई खोचून ठेवली. "मग तुमीच जावा. मी येत न्हाई."

सिद्धू हसला. ती हसली नाही.

कळपाबरोबर असताना सिद्धू सकाळी पुढं जाऊन पाणी आणि रान बघायचा. बायका घोड्यावर बिऱ्हाड लादून मागनं चालायच्या. मुक्काम पोचल्यावर कळायचा.

"चाळीस वरसं," दगडाबाई म्हणाली, "रातच्याला कुठं निजायचं ते सकाळी ठावं नसायचं. दगडं येचून जागा साफ करावी, तर तुमचं चालूच, उठा, चला."

सिद्धूनं नकाशा उचलून तिच्यापुढं ठेवला. "सांग तू."

तिला वाचता येत नाही. विश्वजित गावं आणि अंतरं सांगत गेला, ती ठरवत गेली. दिवसाला दोनशे किलोमीटरच्या वर नाही. पोचायचं उजेडात. जैसलमेरच्या पुढं एक गाव आलं.

"हितं मेंढरं हायत?"

"हायत, आये."

"मग हितं पाच राती."

"पाच?" सिद्धू ओरडला. "एका जागी करायचं काय गं?"

"बसायचं. तुमी मेंढरं बघा. मी दगडं येचणार न्हाई."

"वाळूत कुठली दगडं?"

"मग लय ब्येस."

दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्धू माझ्या दारात उभा. "गुंडाभाऊ, गाडीला भायेरच्या अंगानं घडीचा बाक लाव रं. तिला बसायला."

मी टेप काढला. "दोन फूट पुरंल."

तो थोडा घुटमळला.

"चार कर."