अजबखान्यातली बर्टी

धडगावच्या अलीकडच्या खोऱ्यात मिशनच्या शाळेवर मी मास्तर होतो. चर्चच्या आवारातल्या एका खोलीत पाद्रीसाहेबांनी अजबखाना मांडला होता. तीरकामठे, बासऱ्या, चांदीचे दागिने, आणि काचेच्या बाटल्यांतून डोंगरातली बियाणी. एवढ्या आडरानात एवढी देखणी खोली! मला तिचा भारी अभिमान. वस्तूंवरच्या नावांच्या चिठ्ठ्या माझ्या अक्षरातल्या होत्या, म्हणून जरा जास्तच.

एका पावसाळ्यात बाटल्यांत किडे झाले. आमची आई रवा भाजून ठेवायची, तो कधी किडायचा नाही. झालं! खोली झाडणाऱ्या बाईंना मी फर्मावलं, "सगळे दाणे चांगले खरपूस भाजा आणि परत भरा." बाई त्याच डोंगरातल्या, वयानं माझ्या आईएवढ्या. माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, मग "बरं" म्हणाल्या. मी शहाद्याकडचा, पिढीजात शेतकऱ्याच्या घरातला. पण बघायला मांडलेलं बी कधी कुणाला पेरायला लागेल, हे काही माझ्या डोक्यात शिरलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात वरच्या पाड्याला आग लागली. घरं गेली, कणग्या गेल्या, बियाणंही गेलं. चौथ्या दिवशी तिथली एक म्हातारी चालत आली आणि बर्टीच्या बाटलीपुढे उभी राहिली. बर्टी म्हणजे भगरीसारखं बारीक धान्य. तिच्या पाड्याची बर्टी सगळ्यांच्या आधी पिकायची. घरातलं सरलेलं आणि शेतातलं अजून हिरवं, अशा दिवसांत पोरं तिच्यावरच जगायची. साहेबांना तिनंच ती ओंजळभर दिली होती.

"माझी बर्टी दे," ती म्हणाली. डोंगरात सगळ्यांना 'तू'च म्हणतात. "आता पाऊस येईल."

मी सांगून टाकलं, "आजी, ती उगवायची नाही. मी भाजायला लावली."

तिला आधी खरंच वाटेना. मग ती तिथंच फरशीवर बसली. मला इतकी लाज वाटली, की धरणीनं पोटात घ्यावं. शिव्या दिल्या असत्या तरी बरं झालं असतं.

दाराशी उभ्या असलेल्या बाई चर्चमागच्या आपल्या झोपडीत गेल्या आणि शेणानं तोंड लिंपलेला, वाळक्या भोपळ्याचा एक तुंबा घेऊन आल्या. म्हातारीच्या पदरात ओतला. राख, आणि राखेत बर्टी! टपोरी, जिवंत. प्रत्येक बाटलीतलं अर्धं बी बाईंनी असं राखेत घालून ठेवलं होतं. म्हातारीनं दोन दाणे दाताखाली चावून पाहिले आणि ती ढसाढसा रडली. माझेही डोळे भरले. काय बाई होती ती!

म्हातारी गेल्यावर मी जरा घुश्शातच विचारलं, "मग मला का नाही सांगितलंत?"

बाई हाताची राख झटकत म्हणाल्या, "सांगितलं असतं तर तू हेही भाजायला लावलं असतंस."

आणि खरंच, लावलं असतं.