मुग्धाच्या कोडखालचं माझं ‘ओके’

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — तिला मुग्धा फार आवडायची.

चंदिगडला, सेक्टर ३४ मधल्या आमच्या कंपनीत अकरा वर्षं माझा एकच मान होता. प्रोग्रामला लागणारं कुठलं सेटिंग — पत्ता, वेळ, दर, काहीही — कुठे ठेवलंय — फाइलीत, डेटाबेसमध्ये की दूरच्या सर्व्हरवर — हे फक्त मला ठाऊक. दिवसभर माझ्या टेबलाशी ‘कुलकर्णी जी, जरा बताना’ चालायचं. मी वैतागल्यासारखं दाखवायचो. खरं तर त्यावरच जगत होतो.

मग साताऱ्याहून मुग्धा आली. आपल्याकडची म्हणून मीच तिची शिफारस केली होती. रविवारी आमच्याकडे वरणभात खायला यायची, मला दादा म्हणायची. आणि सहा महिन्यांत तिने एक लायब्ररी लिहिली: सेटिंग कुठेही असो, प्रोग्रामने फक्त त्याचं नाव सांगायचं, लायब्ररी शोधून आणून देणार. माझ्या टेबलाशी कुणी येईनासं झालं. साहेबांनी बर्फी वाटली — ‘कुडी ने कमाल कर दित्ता!’, पोरीने कमाल केली म्हणे. मी दोन तुकडे खाल्ले. जळत होतो मी, दुसरा शब्द नाही त्याला.

आमच्याकडे दुसऱ्याने तपासल्याशिवाय कुणाचंच कोड पुढे जात नाही. तिचं माझ्याकडे आलं. चूक पहिल्याच वाचनात दिसली — डेटाबेस बंद पडला, तर लायब्ररी गुपचूप जुनी फाइल वाचत होती. चार ओळींची दुरुस्ती. का नाही बोललो? नजर चुकली? छे. मी खाली ‘ओके’ लिहिलं — आणि वाट पाहिली.

फार नाही पाहावी लागली. आमचं ॲप वापरणाऱ्या एका कोचिंग क्लासच्या सराव परीक्षेचं केंद्र नुकतंच बदललं होतं. नेमका परीक्षेच्या सकाळी डेटाबेस बंद पडला आणि मुलांच्या मोबाइलवर जुना पत्ता गेला. सेक्टर ३२ मधल्या बंद फाटकापाशी मुलं उन्हात उभी राहिली. तो क्लास आम्हाला सोडून गेला. मीटिंगमध्ये मुग्धाने सगळं स्वतःवर घेतलं. कोड तपासलं कुणी, असा प्रश्न निघाला तेव्हा तीच म्हणाली, “दादांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता.” मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, मला वाईट वाटतंय.

ती राजीनामा देऊन साताऱ्याला गेली. त्या चार ओळी मी दुसऱ्याच दिवशी लिहिल्या. लायब्ररी अजून चालते, उत्तम चालते. सांभाळणारा म्हणून तिच्यावर आता माझं नाव आहे. काही अडलं की लोक पुन्हा माझ्या टेबलाशी येतात — आणि मला ते अजूनही आवडतं.