गाडीखालचा आरसा
मॉलच्या दारात रखवालदाराने गाडीखाली आरसा सरकवला की वीसेक वर्षांपूर्वीचा शेलार गावातला आमचा मांडव आठवतो. काका नुकतेच बालीला फिरून आले होते. बॉम्बस्फोटांनंतर तिथल्या हॉटेलांत प्रत्येक गाडी अशीच तपासत. ताईच्या लग्नात काकांनी दाढीचा आरसा काठीला बांधला आणि थेट नवरदेवाच्या वडिलांची जीप अडवली. "आमी काय बॉम्ब घेऊन आलो?" व्याही कडाडले. वाजंत्री थांबली, आईचा चेहरा पडला. जीपखाली वाकलेले काका शांतपणे म्हणाले, "बालीत कोन रागवत न्हाय." व्याह्यांनी तरातरा उतरून काठी हिसकावली, आरसा तोंडासमोर धरला आणि वाकडा झालेला फेटा नीट केला. मग म्हणाले, "चला, तपासनी झाली." अजूनही रखवालदार आरसा काढतो तेव्हा माझा हात आधी केसांकडे जातो.