पाइप मोकळा होता
परवा विक्रोळीच्या नाक्यावर तंबाखूविरोधी पत्रकं वाटत होते, तेवढ्यात शेजारच्या सुताराने लाकडाला ड्रिल लावलं आणि त्या जळक्या भुशाच्या वासाने मला थेट आमच्या मुलुंडच्या बाल्कनीत नेऊन बसवलं. तिथे बाबा हाताने तंबाखू ओढायचे पाइप घडवायचे. डॉक्टरांनी त्यांचं ओढणं बंद केलं होतं, पण घडवणं बाबांनी सोडलं नाही. ब्रायर नावाच्या परदेशी झुडपाच्या मुळाचे टणक ठोकळे मागवायचे, कोरायचे, घासायचे. "स्वतःची वाट लावलीत ते पुरे, आता लोकांसाठी सापळे बनवताय?" मी तोंडावर म्हणायचे. "तू वकिलीच कर गं," ते हसायचे. पाइप तयार झाला की तो रिकामाच ओठांत धरून लांब श्वास ओढायचा, हवा खेळते का बघायची, ही त्यांची रीत. त्या दुपारी हवा येईना. त्यांनी भोकात तार घातली, पुन्हा ड्रिल फिरवलं, पुन्हा ओढलं. गाल पार आत गेले. "साला, भुसा अडकलाय कुठेतरी. तू बघ गं." असली वस्तू तोंडाला लावणार नाही अशी माझी शपथ होती, तरी मी ओढलं. हवा शीळ घालत सरळ घशात आली. "अडकलंय ना?" त्यांनी आशेने विचारलं. मला खोटं बोलता येत नाही. "मोकळा आहे, बाबा." त्यांनी तार खाली ठेवली आणि हात छातीवर नेला. पुढे फुप्फुसांच्या आजारानेच बाबा गेले. हे विष विकणाऱ्यांना मी चौकाचौकात शिव्या घालते, घालत राहणार. पण घोषणेसाठी श्वास ओढला की आधी ती शीळ ऐकू येते.