पोचट शेंग

उमरग्याच्या डॉक्टरनं आईला गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर असल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती माकणीच्या घरी ओसरीवर बियाण्यासाठी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. मीही सोबत बसले.

"ज्या विषाणूनं ह्यो कॅन्सर हुतो, तू त्याच्यावरच काम करतीस न्हवं? कसा असतो त्यो?"

मी चिडूनच सांगितलं. चीड तिच्यावर नव्हती. म्हटलं, शेंगेसारखंच टरफल असतं, प्रथिनांचं. ते आपोआप जुळतं आणि मापात बसेल ते डीएनए आत भरून घेतं. ते विषाणूचंच आहे का, हेसुद्धा नीट बघत नाही. प्रयोगशाळेत आम्ही भलतंच डीएनए देतो, तेही निमूट घेतं.

"अन् आत काहीच न्हाय भरलं तर?"

"तर रोग होत न्हाय. शरीर नुसतं टरफल ओळखून ठेवतं. लस म्हंजे तेच, रिकामं टरफल."

आईनं सुपातली एक पोचट शेंग उचलली, दाबून बघितली आणि नेहमीसारखी फेकली नाही. पदर सावरून तिनं दंड माझ्यापुढं केला.

"मग टोच की मला."

लस विषाणू शिरायच्या आधी घ्यायची असते; तिच्यात तो कधीच शिरला होता. मी खाली मान घालून शेंगा फोडत राहिले. तिनं दंड तसाच धरला होता.